सरळ पुंगळीचं माप

मी आयुष्यात कधी बंदूक हातात धरलेली नाही. कॉलेजात एनसीसीसुद्धा केलं नाही. तरी अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या दक्षिण भागात हरणाच्या शिकारीला कुठलं काडतूस चालतं आणि त्याची पितळी पुंगळी किती लांब असावी लागते, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. कमीत कमी एक पूर्णांक सोळा शतांश इंच, जास्तीत जास्त एक पूर्णांक आठ दशांश. हे मी शारजात बसून शिकलो, फोनवरून, ब्याऐंशी वर्षांच्या एका माणसाकडून. त्या माणसाला मी कधीच पाहिलं नाही.

मी मूळचा टूलरूमचा. चिंचवडला सोळा वर्षं डाय आणि गेज, म्हणजे तयार भाग मापात आहे का ते तपासायची साधनं, बनवण्यात गेली. आमच्याकडे इंचाच्या हजाराव्या भागाला थाऊ म्हणतात. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो, आणि टूलरूममध्ये केसाएवढी चूक म्हणजे मोठीच चूक. तिथून मी दोन हजार आठच्या सुरुवातीला दुबईला आलो, क्वालिटी इंजिनिअर म्हणून. उंच टॉवरच्या काचा ज्या ब्रॅकेटवर बसतात ते तपासायचं काम. वर्षभरात मंदीनं सगळं थांबलं. क्रेन जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. फेब्रुवारीत एका सकाळी आमच्या मजल्यावरच्या लोकांना एकेक करून एचआरच्या केबिनमध्ये बोलावलं. माझी पाळी चहाच्या आधी आली. बाहेर आलो तेव्हा हातात एक पाकीट होतं आणि नवी नोकरी शोधायला एक महिना होता.

बायकोनं रडारड केली नाही. तिनं नकाशा काढला, शारजाच्याही पलीकडे अजमानमध्ये निम्म्या भाड्यात फ्लॅट शोधला आणि मुलीची दुबईतली, ऊद मेथाची शाळा तेवढी बदलायची नाही असं ठरवलं. त्यामुळे मुलगी आठव्या वर्षापासून पहाटे पावणेसहाच्या बसनं जायला लागली. मला शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं. मालक सीरियन, अलेप्पोचा, साठीला आलेला. इंटरव्ह्यूमध्ये त्यानं काही विचारलं नाही. दोन स्लिप गेज माझ्यासमोर ठेवले. हे स्टीलचे छोटे ठोकळे इतके सपाट घासलेले असतात, की एकावर एक नीट सरकवले तर आपोआप चिकटतात. मी पुसून, सरकवून चिकटवले. त्यानं ते उचलून हलवून पाहिले आणि म्हणाला, "यल्ला, उद्यापासून ये."

तिथे आम्ही पाइपच्या आट्यांची गेज करायचो, बाटल्यांच्या झाकणांच्या साच्यांची, कधी पंपांच्या शाफ्टची. मंदीत मालकानं बऱ्याच गोष्टींत हात आखडता घेतला. त्यातली एक म्हणजे मोजमापाच्या खोलीतला एसी. गिऱ्हाईक आलं की लावायचा, गेलं की बंद. पुढे कामं परत आली, तरी ही सवय तशीच राहिली. मीही तिला सरावलो होतो.

दोन हजार चौदाच्या ऑगस्टमध्ये एक अमेरिकन गृहस्थ वर्कशॉपमध्ये आले. पंचावन्नच्या आसपासचे, समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढणाऱ्या प्लांटवर इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. बरीच वर्षं इथेच काढलेली. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट ऑक्टोबरमध्ये संपत होतं आणि ते कायमचे घरी चालले होते. जाताना वडिलांसाठी एक वस्तू न्यायची होती. त्यांनी फाइलमधून पेन्सिलनं काढलेलं एक ड्रॉइंग बाहेर काढलं. ते पाहूनच मला कळलं की हे एका टूलरूमवाल्यानं काढलंय. आकडे ताठ, सगळे एका उंचीचे, बाणांची टोकं अशी की जणू छापलेली.

ड्रॉइंग वडिलांनी काढलं होतं. ते मोटारीच्या कारखान्यात चाळीस वर्षं टूलमेकर होते. त्या गृहस्थांनी मला सगळं सावकाश समजावलं, आणि मी ते इथे माझ्या भाषेत सांगतो.

नेहमीच्या रायफलचं काडतूस बाटलीसारखं असतं. पोट मोठं, गळा अरुंद. पोटात भरपूर दारू आणि पुढे बारीक गोळी, त्यामुळे ती गोळी मैलोगणती जाते. मिशिगनच्या दक्षिण भागात जमीन ताटासारखी सपाट आहे, शेतं आहेत आणि मध्ये मध्ये घरं. तिथे अशी रायफल हरणावर चालवायला पूर्वीपासून बंदी. शॉटगन चालायची. पण त्या वर्षी राज्यानं नियम बदलला. रायफल चालेल, मात्र काडतुसाची पुंगळी सरळ पाहिजे, बाटलीसारखी गळा आवळलेली नको, आणि तिची लांबी एक पूर्णांक आठ दशांश इंचाच्या वर जाता कामा नये. सरळ पुंगळीत गोळी पुंगळीएवढीच रुंद असते. जाड, जड, संथ. ती जवळ जोरात लागते आणि लवकर खाली येते.

गोळी शेजाऱ्याच्या घरापर्यंत पोचू नये, ही एका सरकारची इच्छा. आणि ती इच्छा त्यांनी पितळेच्या एका नळीच्या आकारात आणि लांबीत लिहून ठेवली होती. मी वीस-बावीस वर्षं मापं घेत आलो होतो. माप म्हणजे भाग भागात बसावा म्हणून, एवढंच मला ठाऊक होतं. कुणाच्या तरी स्वयंपाकघराची खिडकी वाचावी म्हणूनही माप असू शकतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

वडिलांकडे त्यांच्या वडिलांची एक जुनी, एका वेळी एकच गोळी भरायची रायफल होती. तिचं काडतूस सरळ पुंगळीचं, पण लांबी दोन इंचाच्या वर. पूर्वी तिथे रायफलच चालत नव्हती, म्हणून जन्मभर ती भिंतीवर राहिली. शिकार ते शॉटगननं करत. पण खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी शॉटगनचा धक्का बंद करायला सांगितलं. आता नवा नियम आल्यावर त्यांनी हिशेब मांडला. तीच पुंगळी कापून एक पूर्णांक आठच्या आत आणली, दारू थोडी कमी घातली, तर काडतूस कायद्यात बसेल, धक्का सौम्य होईल, आणि रायफलीला हातही लावावा लागणार नाही. प्रत्येक कापलेली पुंगळी तपासायला एक गेज हवं होतं. असं गेज बाजारात नव्हतं. स्वतः करायचं तर ग्राइंडिंग मशीन नव्हतं. गावातली शेवटची टूलरूम मंदीत बंद पडली आणि तिथली मशिनं लिलावात गेली, असं त्या गृहस्थांनी सांगितलं. जिथे चाळीस वर्षं हजारो गेज झाली, त्या गावात एक गेज करून द्यायला कुणी उरलं नव्हतं.

मी नमुन्याला एक रिकामी पुंगळी मागितली. ते हसले. इथे रिकामी पुंगळी सामानात सापडली तरी माणूस अडचणीत येतो, म्हणून वडिलांना त्यांनी पोस्टानं काहीही पाठवायचं नाही असं बजावून ठेवलं होतं. म्हणजे माझ्या हातात फक्त कागद.

मालकाला हे कळलं तेव्हा त्यानं ड्रॉइंग उलटं करून टेबलावर ठेवलं. त्याच्या गावाचं नाव तेव्हा रोज युद्धाच्या बातम्यांत असायचं; त्याबद्दल तो कधी बोलत नसे, पण बंदुकीच्या कुठल्याही गोष्टीजवळ जायची त्याची तयारी नव्हती. आधी पोलिसांना विचारू, मग बघू, असं त्यानं ठरवलं. मला वाटलं, विषय इथेच संपला.

तीन दिवसांनी आम्ही तिघं पोलीस स्टेशनला गेलो. मालक, ते गृहस्थ आणि मी. आत एक अमिराती अधिकारी होते, चाळिशीचे, अगदी शांत. त्यांनी आधी आम्हाला गहवा, म्हणजे अरबी कॉफी, दिला. मग ड्रॉइंग हातात घेतलं. ते माझ्याशी हिंदीत बोलत होते, इथले बरेच जण बोलतात तसं. मी सांगितलं की हा फक्त स्टीलचा तुकडा आहे, आत एक भोक, एका बाजूला एक पायरी. यात काही भरता येत नाही, यातून काही सुटत नाही. त्यांना ते लगेच पटलं. पण कागद त्यांनी खाली ठेवला नाही. हे कशासाठी, ते त्यांना हवं होतं. तेव्हा त्या गृहस्थांनी इंग्रजीत सगळं सांगितलं, नियम, सपाट जमीन, घरं.

अधिकारी म्हणाले की आमच्याकडे तर शिकार बंदच आहे, आणि बंद आहे तेच बरं. त्यांचे आजोबा धैदच्या पलीकडच्या वाळूत हरणामागे जायचे. गोळ्या मिळायच्या नाहीत, त्यामुळे जवळ एकच गोळी असायची. एका गोळीसाठी माणूस दिवसभर वाऱ्याच्या उलट दिशेनं सरपटत जायचा. नंतर गाड्या आल्या, चांगल्या बंदुका आल्या, आणि थोड्याच वर्षांत हरणं दिसेनाशी झाली. मग त्यांनी विचारलं की तिकडे जंगलात ही पुंगळी मोजायला कोण येतं.

गृहस्थ म्हणाले, बहुतेक वेळा कुणीच नाही. शिकारीवर नजर ठेवणारे वॉर्डन असतात, पण एकेका वॉर्डनकडे केवढा तरी मुलूख. माझ्या वडिलांना आजवर दोनदा भेटले असतील.

मी त्याचं हिंदी केलं. अधिकाऱ्यांनी त्या पेन्सिलच्या आकड्यांवरून बोट फिरवलं.

"फिर भी नापते हैं?" त्यांनी विचारलं.

"फिर भी," मी म्हणालो.

एक पत्र लिहून द्यायला सांगितलं, त्यावर दोन दिवसांनी शिक्का मिळाला. वर्कशॉपमध्ये परत आल्यावर मालकानं ड्रॉइंग सुलटं करून काचेखाली ठेवलं आणि मला म्हणाला, कर.

आता पुंगळीची खरी मापं हवी होती. एका संध्याकाळी त्या गृहस्थांनी माझ्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि घरी फोन लावला. तिकडे सकाळ होती. पलीकडून एक खर्जातला, संथ आवाज आला. कॅमेरा नव्हता, फक्त आवाज. त्यांनी माझी चौकशी केली नाही. मी कुठल्या मायक्रोमीटरनं मोजतो ते विचारलं. मी सांगितलं. मग त्यांच्या मायक्रोमीटरची टिकटिक ऐकू आली आणि आकडे सुरू झाले, सगळे थाऊमध्ये. काठ सहाशे चार. काठाची जाडी अडुसष्ट. बूड पाचशे चार. प्रत्येक आकडा ते दोनदा सांगत, आणि दोनदा सांगण्याआधी दोनदा मोजत. पाच पुंगळ्यांची अशी मापं त्यांनी दिली. एका पुंगळीचं बूड इतरांपेक्षा अर्ध्या थाऊनं जास्त आलं तेव्हा ते थांबले, आणि मला धरून ठेवायला सांगून बहुधा चष्मा पुसून आले. परत मोजलं. तेवढंच आलं. मग म्हणाले, ही बाजूला ठेवतो, हिच्यावर माझा भरवसा नाही.

तोंडाचं माप सांगताना त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. नियमात सरळ म्हटलं तरी ही पुंगळी पूर्ण सरळ नसते. बुडाकडून तोंडाकडे ती हलकेच निमुळती होत जाते. त्यामुळे कापली की नवं तोंड जुन्या तोंडापेक्षा चार थाऊ मोठं येतं. कागदावरचं मूळ माप धरून भोक पाडलं असतं तर त्यांची एकही पुंगळी आत गेली नसती. मी बावीस वर्षं या धंद्यात होतो आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला लाज वाटली नाही, बरं वाटलं. फोनवर का होईना, असा माणूस परत भेटला होता; याआधीचा भेटला तो चिंचवडला, रिटायर होऊन गेलेला आमचा फोरमन.

ड्रॉइंगमध्ये गेजच्या तोंडाशी दोन पायऱ्या होत्या. एक बरोबर एक इंच आठशे थाऊची, दुसरी तिच्याहून दहा थाऊ खाली. पुंगळी आत घातली की तिचं तोंड या दोन पायऱ्यांच्या मध्ये आलं पाहिजे. डोळ्यानं बघायची गरज नाही, नख फिरवलं की कळतं. मी विचारलं, कायदा आठशे म्हणतो तर दहा थाऊ खाली कशाला. त्यांनी उत्तर दिलं की पुंगळ्या ते कोठारात कापणार, नोव्हेंबरात, पाणी गोठवणाऱ्या थंडीत. पितळ थंडीत स्टीलपेक्षा जास्त आकसतं. तिथे गेजमध्ये बसलेली पुंगळी उद्या एखाद्या अधिकाऱ्यानं गरम ऑफिसात मोजली तर कणभर मोठी भरेल.

"मला अशा जागी राहायचंय, जिथे कुणाचा थर्मामीटर मध्ये येत नाही," ते म्हणाले.

मग मी धीर करून विचारलं की एवढी दहा थाऊ मोकळी जागा ठेवायचीच असेल तर गेज इतकं बारीक का करायचं. त्यावर ते म्हणाले की जागा किती सोडली हे सांगायला आधी कड कुठे आहे ते नक्की ठाऊक हवं. हे ते रागानं नाही म्हणाले. नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगावं तसं म्हणाले, आणि मी त्रेचाळीस वर्षांचा माणूस मान डोलावत होतो, जणू त्यांना ते दिसत होतं.

गेज करायला मला दहा दिवस लागले, बाकीची कामं सांभाळून. स्टीलचा गोल तुकडा, आत निमुळतं भोक, हार्डनिंग करून आणलं, मग ग्राइंडिंग. नमुन्यासाठी शारजाच्याच रोल्ला भागातल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून पितळेचा रॉड आणला आणि लेथवर पाच खोट्या पुंगळ्या वळल्या, त्यांनी सांगितलेल्या पाच मापांच्या, ती भरवसा नसलेलीसुद्धा. शेवटी मोजलं. पायरी बरोबर आठशेवर. मी खुशीत मिशिगनला फोन केला.

त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, खोलीत तापमान किती आहे.

एसी बंद होता. सप्टेंबरची दुपार. भिंतीवरच्या थर्मामीटरमध्ये अडतीस होते. स्टीलचं माप जगात सगळीकडे वीस डिग्रीवर धरतात, हे टूलरूममधल्या शिकाऊ मुलालाही माहीत असतं. मी खरं ते सांगितलं, आणि वर असंही म्हणालो की गेज स्टीलचं, ज्याच्याशी ताडून पाहिलं तो स्लिप गेजही स्टीलचा, दोघं सारखेच तापलेले, तेव्हा फरक उरत नाही.

"सारखेच तापलेत हे तुम्ही मोजलंत?" त्यांनी विचारलं. "की तुमचं गेज आत्ताच मशीनवरून उतरलंय आणि ठोकळा पेटीतून निघालाय?"

मी गेजला हात लावला. ते कोमट होतं. ठोकळा नव्हता.

मी मालकाकडे गेलो. वाटलं होतं तो म्हणेल, हबीबी, एका तुकड्यासाठी एवढं कशाला. त्यानं आधी ते कोमट गेज तळहातावर घेतलं, मग ठोकळा घेतला, दोन्ही हात थोडा वेळ तसेच धरून उभा राहिला. आणि स्वतः जाऊन एसी लावला. दाराला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळं वीस डिग्रीला आल्यावर, मी परत मोजलं. पायरी जवळजवळ तीन दहा-हजारांश इंचानं कमी भरली. केसाचा दहावा भाग. कुणाच्याही डोळ्याला, नखाला, कायद्याला न कळणारा. सात हजार मैलांवर, कोठारात बसलेल्या माणसानं माझ्या हातातल्या लोखंडाची ऊब ओळखली होती.

मी जोडीला हार्डनिंग करून आणलेला दुसरा तुकडा घेतला, घासून माप बरोबर आणलं, आणखी एक दिवस तसंच ठेवलं, परत मोजलं. त्या दिवसानंतर मोजमापाच्या खोलीतला एसी कधी बंद झाला नाही.

ऑक्टोबरमध्ये ते गृहस्थ गेज आणि पोलिसांचं शिक्क्याचं पत्र बॅगेत घालून घरी गेले. मला वाटलं, संपलं. पण मुलीनं हा विषय सोडला नव्हता. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. जेवताना मी सांगितलेलं ती ऐकायची आणि इंग्रजीत एकेक प्रश्न टाकायची. हरणं का मारायची, हा तिचा पहिला प्रश्न होता. तिकडे ती फार झालीत, शेतं खातात, रात्री गाड्यांपुढे येतात, एका लायसन्सवर एकच मारता येतं, मांस हिवाळाभर पुरतं, असं जे ऐकलं होतं ते सांगितलं. ती म्हणाली, "स्टिल." बायको म्हणाली, तू बोंबील खातेस तेव्हा नाही स्टिल म्हणत. तो विषय तेवढ्यावर राहिला.

तिकडे बंदुकीनं शिकारीचा मोसम पंधरा नोव्हेंबरला सुरू होतो. ती तारीख आमच्या घरातही लक्षात राहिली. पंधरा गेली, सोळा गेली. सतरा तारखेला संध्याकाळी मी वर्कशॉप बंद करून बाहेर अंगणात आलो होतो तेव्हा फोन वाजला. मुलानं फोन लावून वडिलांकडे दिला होता. पलीकडच्या मशिदीत इशाची, म्हणजे रात्रीच्या नमाजाची, अजान सुरू झाली, तेव्हा ते थांबले. ती संपल्यावर त्यांनी सांगायला सुरुवात केली.

वीस पुंगळ्या कापल्या, वीसही गेजमध्ये बसल्या. पहिल्या दिवशी पहाटे ते शेताच्या कडेच्या लाकडी मचाणात बसले, जमिनीपासून हातभर उंच, मुलानं बांधलेल्या. उजेड फुटायच्या सुमाराला एक नर आला. मोठा, मोठ्या शिंगांचा, इतक्या वर्षांत असा त्यांनी दोनदाच पाहिला असेल. साठ पावलांवर आडवा उभा राहिला आणि मान वर करून श्वास सोडला, तो श्वास त्यांना दिसला. रायफल खांद्याला लागली होती. आणि त्याच्या मागे, शेताच्या पार पलीकडे, शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात दिवा लागला.

मी मध्येच बोललो. म्हणालो, पण ती गोळी तर संथ, तिथवर पोचायच्या आधीच पडेल, त्यासाठीच तर नियम.

"पडेल असं मला वाटतं," ते म्हणाले. "वाटण्यावर मी घोडा ओढत नाही."

हरीण बराच वेळ उभं राहिलं. मग चालत गेलं. दुसऱ्या दिवशी काहीच आलं नाही, नुसतं बर्फ भुरभुरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दुसरा एक नर आला, लहान, वेगळ्या बाजूनं, ओढ्याच्या काठाला. त्याच्या मागे मातीचा उंच बांध होता. त्यांनी एकच गोळी झाडली. खांद्याला काही झालं नाही. हरीण चाळीसेक पावलं गेलं आणि खाली बसलं. ते लगेच उठले नाहीत. अर्धा तास मचाणातच बसून राहिले, त्याला निवांत जाऊ द्यावं म्हणून. मग जाऊन हातमोजा काढला आणि त्याच्या मानेवर हात ठेवला. एवढ्या वर्षांनीही त्या वेळी हात थरथरतो, असं त्यांनी सांगितलं, आणि ज्या वर्षी थरथरणार नाही त्या वर्षी ते थांबतील, असंही.

मग म्हणाले की मांस कापायचंय, ठेवतो. आभार मानले नाहीत. गेजबद्दल एवढंच सांगितलं की वरची कड त्यांनी थोडी घासून गोल केली, नखाला लागत होती. मी फोन खिशात ठेवला आणि अंगणात तसाच उभा राहिलो. समोरून ट्रक जात होते. मी आजवर केलेल्या कामांत ते सगळ्यात छोटं होतं, मुठीत मावणारं, आणि माझ्या डोळ्यांपुढे ते बर्फाचं शेत, ती वाफ, तो दूरचा दिवा असं सगळं इतकं स्पष्ट होतं की मला गाडीची किल्ली सापडेना.

पुढे आणखी काही राज्यांनी तसेच नियम केले, आणि त्या गृहस्थांच्या ओळखीतून आमच्याकडे त्या गेजच्या थोड्या ऑर्डरीही आल्या. पण ते नंतरचं.

त्या संध्याकाळी घरी जेवताना मी सगळं सांगितलं. बायकोनं वरण वाढता वाढता हात थांबवून ऐकलं. मग मुलीनं विचारलं की उजेड नुकताच फुटत होता, तर हरणाच्या मागे काय आहे ते त्यांना कसं कळलं. आणि दिवा लागला नसता तर. "देन व्हॉट?"

मला ते विचारायचं सुचलंच नव्हतं. शुक्रवारी मी मुद्दाम फोन केला आणि तिलाच बोलायला दिलं. ती कधी अनोळखी माणसाशी बोलायची नाही, पण तिनं विचारलं. फोन स्पीकरवर होता. म्हाताऱ्यानं सांगितलं की दिवा लागला नसता तरी गोळी झाडली नसती. ऑक्टोबरमध्ये भर दुपारी ते मचाणात जाऊन बसले होते. सगळ्या बाजूंना नीट पाहिलं, चालत जाऊन पाहिलं, कुठे घर, कुठे रस्ता, कुठे शाळेच्या बसचा थांबा. मग शेतात आठ काठ्या रोवल्या, एकेका दिशेला एक. ज्या दिशेला कधीच गोळी झाडायची नाही, त्या काठीला लाल फीत बांधली.

मुलीनं विचारलं, किती काठ्यांना.

"सहा," ते म्हणाले.